काचेतला पानमळा

तमिळ मुलखात एक म्हण घरोघरी ऐकू येते. कुंपणावरून आपल्या वाटेने चाललेला ओणान उचलला आणि आपल्याच वेष्टीत सोडून घेतला! ओणान म्हणजे बागेतला सरडा, वेष्टी म्हणजे धोतर. नसती ब्याद ओढवून घेणाऱ्याला कुंभकोणम्‌मध्ये हेच ऐकवतात. आपल्याकडे सरड्याची धाव कुंपणापर्यंतच असते. तिथून पुढे त्याला घरात नेतो तो माणूस.

ही म्हण मी ऐकली ती एका शाळकरी मुलीच्या हट्टावरून. कुंभकोणम्‌ हे कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या बेचक्यातलं देवळांचं गाव. तंजावरला मराठ्यांचं राज्य १६७६ ते १८५५ या काळात होतं, आणि त्या काळात इकडे स्थायिक झालेली मराठी घरं अजून नांदती आहेत. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली जन्मले ते याच गावात, अशाच एका मराठी कुटुंबात. तसल्या एका जुन्या घरी माझं जाणंयेणं आहे. तिथे मराठी तमिळच्या हेलात बोलली जाते, कॉफी पितळेच्या दवरा-टंबलरमधून येते आणि निम्मे नातेवाईक चेन्नईला तर निम्मे अमेरिकेत असतात. आठवीतल्या नातीने व्हिडिओ कॉलवर ह्यूस्टनच्या मावसभावाची काचेची पेटी पाहिली. पेटीत पानावर बसलेला एक हिरवागार, सडपातळ सरडा गळ्याखालचा गुलाबी पंखा उघडत होता आणि मिटत होता. नाव ॲनोल.

“काका, हा आपल्याकडे का नाही आणायचा? त्याला ऊब लागते म्हणे. ती इथे फुकट आहे की!”

आजींनी म्हण ऐकवली आणि त्यांच्यापुरता विषय मिटवला. पण मुलीचा प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर शोधायला निघालं की कळतं, हा प्राणी पाळणं म्हणजे मुख्यतः हवा पाळणं आहे.

आजींच्या नकारामागे जुनी सवयही आहे. पाल आणि सरडा यांच्याकडे आपण पिढ्यानपिढ्या पाहत आलो ते खूण म्हणून. पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असतं. पाल कुठल्या अंगावर पडली की काय फळ, ते त्यात दिलेलं असतं. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात छताला सोन्याची आणि चांदीची पाल आहे. तिला हात लावला की पाल पडल्याचा दोष जातो, या श्रद्धेने तिथे रांग लागते. याच मुलखातल्या सरफोजी राजांच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) धन्वंतरी महालात जनावरांवरही उपचार होत, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात गजशास्त्राची सचित्र पोथी जपलेली आहे. हत्तीची निगा शास्त्र झाली. पालीच्या वाट्याला कोष्टक आलं. ती काय खाते, पाणी कसं पिते, तिला गारठा बाधतो का, हे विचारायची वेळ तिला काचेत ठेवल्यावरच येते.

सोपा म्हणून खपणारा

ॲनोल हा अमेरिका खंडातला सरडा. त्याच्या चारशेहून अधिक जाती आहेत. क्युबा, हैती, जमैका अशा कॅरिबियन बेटांवर त्यांची रेलचेल आहे. पाळीव म्हणून सर्वांत जास्त विकला जातो तो हिरवा ॲनोल. तो अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतला, फ्लोरिडापासून टेक्सासपर्यंत कुंपणांवर, झुडपांवर आढळणारा. शेपटीसकट लांबी १२ ते २० सेंटिमीटर. बोटांखाली पालीसारख्या चिकट गाद्या असल्यामुळे तो काचेवरही सरसर चढतो. रंग हिरव्याचा तपकिरी करतो, म्हणून दुकानदार त्याला अमेरिकन शॅमेलिऑन म्हणत आले. शॅमेलिऑनशी त्याचं जवळचं नातं नाही. त्याचा रंग पालटतो तो संप्रेरकांमुळे, आणि या रंगाला मालकासाठी अर्थ असतो: निवांत, ऊबदार, पोट भरलेला असेल तर हिरवा, गारठलेला, घाबरलेला किंवा आजारी असेल तर बराच वेळ तपकिरी. डोळ्यांमागे काळा डाग उमटला तर समजावं, गडी तणावात किंवा भांडणाच्या पवित्र्यात आहे.

या एवढ्याशा जिवाने विज्ञानाची मोठी सेवा केली आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी ज्याचा संपूर्ण जीनोम सर्वांत आधी वाचला गेला तो हाच हिरवा ॲनोल. ते काम २०११ साली प्रसिद्ध झालं. माणसाने मात्र त्याची परतफेड वाईट केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जिवंत ॲनोलच्या गळ्यात बारीक साखळी अडकवून तो कोटावर पिनेने टाचून मिरवायची टूम निघाली होती. जत्रांत आणि सर्कशींत ते विकले जात. कोटावरचा प्राणी काय खाणार, हा प्रश्न विकणाऱ्याला पडत नव्हता आणि घेणाऱ्यालाही.

त्या टूमेचा वारसा अजून सरलेला नाही. नवशिक्यांसाठी सोपा, असं लेबल ॲनोलवर आजही असतं. त्यामागचं खरं कारण स्वस्ताई. अमेरिकेतल्या दुकानांत येणारे बहुतेक हिरवे ॲनोल जंगलातून धरलेले असतात, म्हणून किंमत कमी. त्यांच्यासोबत परजीवी येतात, प्रवासाचा शीण येतो, आणि दुकानातून घरी आलेला प्राणी काही आठवड्यांत गेला की “याचं आयुष्यच एवढं” असं म्हणून लोक दुसरा आणतात. नीट ठेवलेला ॲनोल तीन ते सहा वर्षं जगतो, क्वचित त्याहून जास्त. पाळीव वातावरणात जन्मलेला मिळत असेल तर दोन पैसे जास्त देऊन तोच घ्यावा.

पेटीत काय हवं

कुंभकोणम्‌चं विड्याचं पान नावाजलेलं आहे. कावेरीच्या खोऱ्यातल्या मळ्यांत हादग्याच्या उंच झाडांवर पानवेल चढवतात. सांगली-मिरजेकडचे पानमळे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. सकाळी आत शिरलं की ऊन थेट अंगावर येत नाही, पानांतून चाळून येतं. सरींमधली माती ओली असते, हवा दमट असते, पण कोंदट नसते, कारण बाजूंनी वारा खेळत असतो. पानाच्या टोकाला दवाचा थेंब लोंबकळतो. वर गेलं की ऊब, खाली आलं की गारवा. ॲनोलची पेटी अशी हवी. मळ्याची एक फूट-दीड फूट लांबीरुंदीची प्रत काचेत उभी करायची, इतकं डोक्यात पक्कं बसलं की बाकीची यादी आपोआप सुचते.

पेटी आडवी नको, उभी हवी. उंची हे ॲनोलचं खरं घर. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळच्या छोट्या बेटांवर क्युबाकडचा तपकिरी ॲनोल पोचला तेव्हा तिथले हिरवे ॲनोल झाडांवर आणखी वर सरकले, आणि अवघ्या पंधरा वर्षांत त्यांच्या बोटांखालच्या गाद्या मोठ्या झाल्या, असं २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. उंचीवर इतका जीव असणाऱ्याला तळाशी पसरट टाकीत ठेवण्यात अर्थ नाही. एका ॲनोलला सुमारे ४५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच पेटी चांगली. वरची बाजू जाळीची, म्हणजे हवा खेळते. आत बोटाएवढ्या जाडीच्या फांद्या तिरक्या लावायच्या आणि खऱ्या वेली वाढवायच्या, मनीप्लँट उत्तम. लपायला पानं नसतील तर ॲनोल सतत उघड्यावर असल्यासारखा राहतो आणि खायचं सोडतो. एका पेटीत दोन नर कधीही ठेवू नयेत. दोघंही गळ्याचे पंखे उघडून, जोर काढून एकमेकांना आव्हान देत राहतात, आणि त्यांतला एक झुरून मरतो.

तापमान सगळीकडे सारखं नको, उतरतं हवं. एका कोपऱ्यात, फांदीच्या वरच्या टोकाशी, ऊन खायची जागा: तिथे २९ ते ३२ अंश सेल्सिअस. बाकी पेटीत दिवसा २४ ते २८. रात्री थोडं उतरलं तरी चालतं, पण १८ च्या खाली जाऊ देऊ नये. ॲनोल या पायऱ्यांवर वरखाली करून स्वतःचं अंग हवं तेवढं तापवतो. सगळी पेटी ३२ वर ठेवली तर त्याला पळायला जागा उरत नाही. बल्ब पेटीच्या बाहेर, जाळीवर असावा, नाहीतर पोट भाजतं. उष्ण दगड म्हणून विकतात ते घेऊच नयेत.

ऊब झाली की प्रकाश. ॲनोलला अतिनील-ब किरण लागतात. त्यांच्याशिवाय कातडीत ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियम हाडांत जात नाही. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, उडी चुकते. नवशिक्यांच्या घरचे कितीतरी सरडे या हाडांच्या विकाराने जातात. त्यासाठी खास ट्यूबलाइट मिळते. ती दिवसातून बारा तासांच्या आसपास लावायची आणि उजेड देत असली तरी सहा ते बारा महिन्यांनी बदलायची, कारण दिसणारा उजेड टिकतो, पण अतिनील किरण आधी संपतात. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन या कामाचं नाही; काच ते किरण अडवते.

मग पाणी. वाटीत ठेवलेलं साचलेलं पाणी बहुतेक ॲनोलना पाणी म्हणून कळतच नाही. पानावरून ओघळणारा थेंब त्यांना कळतो. सकाळ-संध्याकाळ पानांवर बारीक फवारा मारायचा. जवळून पाहिलं तर मजा वाटते: ॲनोल पहिल्यांदा स्तब्ध होतो, मग मान तिरकी करून एका डोळ्याने थेंब न्याहाळतो, आणि पुढे सरकून पानाच्या कडेवरून जिभेने एक एक थेंब टिपत जातो. आर्द्रता ६० ते ७० टक्के राहिली की कात नीट सुटते. कात तो स्वतःच खाऊन टाकतो. मात्र पेटी दिवसरात्र चिंब राहिली तर बुरशी आणि फुप्फुसाचा आजार ठरलेला. दोन फवाऱ्यांच्या मधे पानं वाळली पाहिजेत.

खाणं म्हणजे किडे, आणि तेही जिवंत. हलत नाही ते ॲनोलच्या लेखी अन्न नाही. एक दिवसाआड दोन-तीन छोटे रातकिडे मोठ्याला पुरतात, पिल्लांना रोज. किडा ॲनोलच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. आता या रातकिड्यांनाही पोसावं लागतं: देण्याआधी चोवीस तास त्यांना गाजर, भोपळा, पालेभाजी खाऊ घालायची, कारण रिकाम्या पोटाचा किडा म्हणजे नुसतं टरफल. वर कॅल्शियमची पूड भुरभुरायची, आठवड्यातून एकदा जीवनसत्त्वांची. उरलेले रातकिडे रात्री पेटीत सोडू नयेत. ते झोपलेल्या सरड्यालाच कुरतडतात. काजवे तर अजिबात नकोत, त्यांच्यातलं विष सरड्याचा जीव घेऊ शकतं. थोडक्यात, ॲनोल पाळणारा माणूस दोन प्राणिसंग्रहालयं चालवतो, आणि किड्यांचं संग्रहालय जास्त आवाज करतं.

हाताळणं जवळपास टाळावं. ॲनोल कुत्र्यासारखा लळा लावत नाही. पकडला की तो तपकिरी होतो, धडपडतो आणि शेपूट तोडून देतो. ती पुन्हा येते, पण आधीसारखी नाही. तो पाहायचा प्राणी आहे. पेटी साफ केल्यावर साबणाने हात धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला पसरतो. पाच वर्षांखालच्या मुलांना त्यांच्यापासून दूर ठेवावं. दिवाळीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट: फटाक्यांच्या धुराने आणि हादऱ्याने हे प्राणी बिथरतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे कुंभकोणम्‌च्या गल्लीत “गंगास्नान झालं का?” असं विचारत लोक एकमेकांना भेटतात तेव्हा माळा लागलेल्या असतात. अशा वेळी पेटी आतल्या खोलीत, रस्त्यापासून लांब हवी.

ह्यूस्टनचं काचघर, कुंभकोणम्‌ची ओसरी

ह्यूस्टनच्या मुलाने हे सगळं विकत आणलं: ऊब, दमटपणा, ऊन, दव. एअर कंडिशनरच्या कोरड्या घरात त्याला कावेरीकाठ तयार करावा लागतो. गंमत म्हणजे त्याच्या परसदारी, टेक्सासच्या कुंपणावर, तोच प्राणी फुकट फिरत असतो.

कुंभकोणम्‌मध्ये गणित उलटं होतं. ऐप्पसी महिन्यात, म्हणजे ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाल्यावर, ओसरीवरची हवा ॲनोलला घरची वाटावी अशी असते. ऊबेसाठी दिवा लावायचीही गरज नाही. पण मे महिन्यातलं कत्तिरी वेय्यिल, म्हणजे अग्निनक्षत्राचं ऊन, पारा ३८-३९ च्या पुढे नेतं. ३५ च्या वर गेलेल्या पेटीत ॲनोल दम टाकतो आणि थोड्याच वेळात मरतो. उन्हात ठेवलेली काचेची पेटी तर काही मिनिटांत भट्टी होते. ह्यूस्टनला गरम करण्याचा खर्च, इथे गार ठेवण्याचा. आणि भर दुपारी वीज गेली की गारवा कुठून आणणार? मुलीचं “ऊब फुकट आहे” हे म्हणणं वर्षातले काही महिने खरं आहे. उरलेल्या महिन्यांत तीच ऊब घात करते.

मग डॉक्टर. गावोगावच्या पशुवैद्याचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो. तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडूला २०१२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पण मूठभर वजनही नसलेल्या सरड्याला तिथवर न्यायचं म्हणजे प्रवासच त्याला भारी पडेल. सरपटणाऱ्या प्राण्यांची नाडी ओळखणारा डॉक्टर आपल्या टप्प्यात आहे का, हे प्राणी घेण्याआधी विचारायचं असतं.

कायद्याचं पारडंही जड आहे. परदेशी जिवंत प्राणी रीतसर आणायला परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि आरोग्याची कागदपत्रं लागतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या यादीतल्या प्रजाती बाळगणाऱ्यांना आता नोंदणी सक्तीची आहे आणि २०२४ च्या नियमांनुसार ती परिवेश पोर्टलवर होते. आपल्या मातीतला शॅमेलिऑन, घोरपड किंवा तारा कासव घरी ठेवणं तर सरळ गुन्हा. चेन्नई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या बॅगांतून सीमाशुल्क अधिकारी पुन्हा पुन्हा सरडे, इग्वाना, कासवं बाहेर काढतात. कुणी विचित्र सरडा बिनकागदाचा, स्वस्तात देऊ लागला तर मनात शंकेची पाल चुकचुकलीच पाहिजे.

कंटाळा आल्यावर “जाऊ दे बागेत” म्हणणं हा तर सर्वांत महागडा उपाय. जपानच्या ओगासावारा बेटांवर १९६०च्या दशकात हिरवे ॲनोल पोचले. तिथे त्यांना खाणारं फारसं कुणी नव्हतं. त्यांनी तिथल्या खास फुलपाखरांचा आणि चतुरांचा फडशा पाडला. २००५ साली जपानने या प्राण्याला घातक परकी प्रजात म्हणून जाहीर केलं. ही बेटं २०११ मध्ये जागतिक वारसा ठरली तरी तिथे ॲनोलला चिकट सापळे लावण्याचं काम चालूच राहिलं. कावेरीचं खोरं बाराही महिने हिरवं आणि किड्यांनी भरलेलं आहे. ॲनोलसाठी ते दुसरं ओगासावारा ठरू नये.

पंखा आपल्याकडेही आहे

मुलीला मोह पडला होता तो गळ्याच्या पंख्याचा. तो पंखा पाहायला ह्यूस्टनला व्हिडिओ कॉल करायची गरज नाही. कुंभकोणम्‌च्या उत्तरेला, किनाऱ्यावरच्या पुदुच्चेरीतून मिळालेल्या नमुन्यांवरून फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी १८२९ साली सिताना पाँटिसेरियाना या पंखेवाल्या सरड्याचं वर्णन केलं. उघड्या वाळूत, खुरट्या झुडपांत नर दगडावर चढतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी फडकवतो. ॲनोलशी त्याचं नातं लांबचं. दोघांना पंखा वेगवेगळा लाभला, काम मात्र एकच: मादीला बोलावणं आणि दुसऱ्या नराला दम देणं.

यातले सर्वांत देखणे आपल्या महाराष्ट्रात आहेत. २०१६ साली व्ही. दीपक, वरद गिरी, अमोद झांबरे, हर्षल भोसले, प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गटाची फेरमांडणी केली आणि एका नव्या प्रजातीला (जीनसला) थेट ‘सरडा’ हेच नाव दिलं. त्यातला सरडा सुपर्बा साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर राहतो. विणीच्या हंगामात नराचा निळा, काळा आणि नारिंगी पंखा उन्हात लखलखतो. त्याच पठारावर पवनचक्क्या आहेत, आणि मारिया ठाकर, झांबरे व भोसले यांनी २०१८ साली दाखवून दिलं की पवनचक्क्यांपाशी शिकारी पक्षी कमी झाले, त्यामुळे सरडे वाढले, त्यांच्या रक्तातलं तणावाचं संप्रेरक उतरलं, ते माणसाला जास्त जवळ येऊ देऊ लागले आणि त्यांच्या पंख्याचा रंगही फिका पडला. भोवतालची एक गोष्ट बदलली आणि सरड्याचा रंग बदलला. पेटीतल्या ॲनोलचंही तसंच आहे, फक्त तिथे बदल करणारे आपण असतो.

कुंभकोणम्‌च्या त्या घराच्या आवारातही एक बागेतला सरडा आहे. त्याच्या जातीची शास्त्रीय ओळख २०२१ साली पुदुच्चेरीच्याच नमुन्यावर पक्की झाली. विणीच्या दिवसांत त्याचं डोकं आणि खांदे लालबुंद होतात. भिंतीवर तो जोर काढत असतो. पोरं त्याला दगड मारतात. मी मुलीला म्हटलं, आधी याची वही ठेव: किती वाजता उन्हात येतो, भिंत किती तापली की सावलीत जातो, काय खातो. ॲनोलच्या पेटीत याच तीन गोष्टींची उत्तरं द्यायची असतात.

ज्यांना रीतसर, कागदोपत्री ॲनोल आणायचाच आहे, मग ते न्यू जर्सीत असोत की पुण्यात, त्यांना एकच क्रम सांगेन: सरडा सर्वांत शेवटी आणा. आधी पेटी, वेली, दिवा, ट्यूब आणि दोन तापमापक, एक वर, एक खाली. मग ती रिकामी पेटी महिनाभर चालवा. रोज सकाळ-संध्याकाळ फवारा मारा, तीनदा तापमान लिहा, रातकिडे जगवा आणि त्यांची किरकिर ऐका, गावाला जाताना फवाऱ्याची जबाबदारी कुणावर टाकणार ते ठरवा. आकडे महिनाभर जागेवर राहिले आणि तुम्हाला त्याचा जाच वाटला नाही तर प्राणी आणा. कंटाळा आला तर पेटी वाया जात नाही. आत मनीप्लँट लावलेलाच आहे, तो जोमात वाढेल.